पुढच्या दाताचा टवका उडालाय, आता काय?

मागच्या अंकात म्हटलं होतं की लहान मुलांच्या दातांबद्दल काहीही विचारा, तर आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची निघाली, पोरगं पडलं आणि समोरचा दात तुटला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत.

प्रश्न (एक आई, इचलकरंजी): मॅडम, मुलगा 9 वर्षांचा आहे. शाळेत नळापाशी पाय घसरून पडला आणि वरचा मधला दात तिरका तुटला, जवळजवळ अर्धा. तुकडा त्याच्या मित्राने शोधून कंपास पेटीत घालून दिला, तो मी कागदात गुंडाळून ठेवलाय. एक डॉक्टर म्हणाले रूट कॅनाल करून झिर्कोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप घालून टाकू, कायमची कटकट गेली. दुसरे म्हणाले कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं सिमेंट, लावू. सासूबाई म्हणतात दुधाचाच असेल, पडेल आपोआप. दुखत नाहीये, फक्त गार पाण्याने सणक जाते.

उत्तर: आधी मुलाच्या त्या मित्राला एक चॉकलेट द्या (आणि नंतर चूळ भरायला लावा), कारण बहुतेक वेळा तुकडा कोणी शोधतच नाही. आता तो कागदातून काढा आणि स्वच्छ पाण्यात किंवा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सलाइनमध्ये ठेवा. कोरडा राहिला की दाताचा तुकडा खडूसारखा पांढरा दिसायला लागतो, पण घाबरू नका, चिकटवायच्या आधी डॉक्टर तो साधारण 20 मिनिटं पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजत ठेवतात, बाकीचा रंग पुढे काही दिवसांत तोंडात बराचसा परत येतो. तुकडा नीट बसत असेल तर तोच चिकटवून घ्यायचा, त्याच्या इतकी चांगली मॅचिंग कुठल्याच मटेरियलची होत नाही, त्याचाच रंग, त्याचीच चमक, त्याचीच कड.

सासूबाईंना सांगा की हा दुधाचा नाही. वरचे मधले दोन दात सातव्या-आठव्या वर्षी पक्के येतात, म्हणजे हा आता आयुष्यभराचा आहे.

आणि कॅप, तर ती आत्ता नको. का ते जरा सविस्तर सांगते, कारण हा सल्ला मी खूप पत्रांत वाचलाय. दात हिरडीतून बाहेर आला म्हणजे तो पूर्ण झाला असं नसतं, त्याचं मूळ त्यानंतर अजून साधारण तीन वर्षं वाढत असतं. नवव्या वर्षी मुळाचं टोक बहुतेक वेळा अजून उघडंच असतं आणि भिंती पातळ असतात. त्या भिंती जाड करायचं आणि टोक बंद करायचं काम आतली जिवंत नस करते, ज्याला आपण सगळे नस म्हणतो आणि डॉक्टर पल्प म्हणतात. नुसती गार पाण्याची सणक आहे म्हणून ती नस काढून टाकली तर मूळ आहे तिथेच थांबतं आणि असा दात पुढे हिरडीपाशी मोडू शकतो. शिवाय कॅपसाठी दात चारी बाजूंनी तासावा लागतो, लहान मुलाच्या दातात नसेची पोकळी मोठी असते, तासता तासता तिच्याजवळ जायला वेळ लागत नाही. आणि हिरडीची रेषा मूल मोठं होतं तशी वर सरकते, मग आज बसवलेल्या कॅपची कड चार वर्षांनी उघडी पडते आणि पुन्हा सगळं करा. सणक जाते याचा अर्थ आतला डेंटिनचा थर उघडा पडलाय, नस मेली असा नाही. उलट सणक जाणं हे जिवंतपणाचंच लक्षण.

म्हणून तुकडा बसला तर तुकडा, नाहीतर कंपोझिट. अठरा-वीस वर्षांचा झाल्यावर त्याला वाटलं तर विनियर (दातावर पुढून चिकटवायचा पातळ पापुद्रा), कॅप काय हवं ते त्याचं तो ठरवेल, तेव्हा तासायला दात शिल्लक असेल हे महत्त्वाचं.

एक मात्र बघा. तुटलेल्या जागी मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा लाल किंवा गुलाबी ठिपका दिसतोय का? दिसत असेल तर नस उघडी पडलीय आणि मग थांबायचं नाही, त्याच दिवशी जा. तेव्हासुद्धा या वयात पूर्ण रूट कॅनाल सहसा करत नाहीत, वरची दोनेक मिलिमीटर नस काढून त्यावर बायोडेंटिन, एमटीए (दोन्ही नस झाकायची खास सिमेंटं) किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवतात आणि वरून कंपोझिटने बंद करतात, खालची नस जगते आणि मूळ वाढत राहतं.

दात छान दिसायला लागला की सगळे विसरतात, पण 6 ते 8 आठवड्यांनी आणि मग 1 वर्षाने एक्स-रेसकट तपासणी करायचीच. पहिल्या काही आठवड्यांत मार लागलेली नस, ती जिवंत आहे का हे बघायच्या टेस्टला उत्तर देत नाही, कधी कधी तीन महिनेसुद्धा, त्यामुळे पहिल्याच दिवशी "नस मेली" असं कोणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका.

प्रश्न (एक आजोबा, चिपळूण): नात 8 वर्षांची, दाताचा कोपरा उडालाय. सिमेंट लावून देऊ म्हणाले. ती इंजेक्शनचं नाव काढलं तरी पलंगाखाली जाऊन बसते. नक्की काय करतात, किती वेळ लागतो, दुखतं का?

उत्तर: आजोबा, नुसता कोपरा असेल तर बहुतेक वेळा इंजेक्शन लागतच नाही, तेव्हा तिला पलंगाखालून बाहेर काढा. पण "काहीच करणार नाहीत" असं खोटं सांगून नेऊ नका, खुर्चीत बसल्यावर तिला कळतं आणि मग पुढच्या वेळी दवाखान्याच्या जिन्यावरूनच रडारड सुरू होते. जे होणार ते सांगा.

पहिल्यांदा रंग ठरवतात. हे अगदी सुरुवातीलाच, दात ओला असताना, कारण तोंड उघडं राहून दात सुकला की तो आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो आणि मग मॅचिंग चुकतं. चांगला डॉक्टर मटेरियलचा बारीकसा ठिपका दातावर लावून, लाइट मारून बघतो. नातीला विचारा तुला कुठला आवडला, तिला मजा वाटेल.

मग तुटलेली कड किंचित तिरकी घासतात, याचा आवाज होतो, दुखत नाही. नंतर निळ्या किंवा हिरव्या रंगाची जेल लावतात, ती फॉस्फोरिक अॅसिडची असते, साधारण 37 टक्के, 15 ते 30 सेकंद ठेवून पाण्याच्या फवाऱ्याने धुतात. वाळवल्यावर तेवढा भाग पांढुरका, निस्तेज दिसतो. जात्याला टाकी लावतात ना, तसं हे आहे, दाताचा गुळगुळीतपणा जाऊन बारीक बारीक खाचा पडतात आणि त्यात पुढचं औषध जाऊन पकडतं. 1955 साली अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी ही अॅसिडची युक्ती दाखवली आणि पुढे राफेल बोवेन यांनी त्यावर लावायचं रेझिन (प्लॅस्टिकसारखं मटेरियल) शोधून 1962 मध्ये पेटंट घेतलं, आज जगभर जे "लाइट मारून सिमेंट" चालतं त्याचा पाया या दोघांचा. त्याआधी असा दात धरून ठेवायचा म्हणजे तासणं किंवा पिना बसवणं.

खाचांवर बाँडिंगचं पातळ औषध ब्रशने लावतात, निळा लाइट 10-20 सेकंद. मग कंपोझिट, लोण्याहून जरा घट्ट पेस्ट असते, ते एकदम सगळं भरत नाहीत, दोन-दोन मिलिमीटरचे थर, प्रत्येक थराला लाइट, कारण लाइट त्याहून खोल नीट पोचत नाही आणि आतला भाग कच्चा राहतो. आतला थर जरा पिवळट आणि वरचा किंचित पारदर्शक, दोन शेड वापरल्या तर दात खरा वाटतो, एकाच शेडमध्ये उरकलं तर खडूचा तुकडा लावल्यासारखा दिसतो. लाइट चालू असताना केशरी चष्मा घालायला देतात, नातीचा फोटो काढून ठेवा. शेवटी चकत्यांनी घासून पॉलिश. सगळं मिळून अर्धा ते एक तास.

या सगळ्यात एकच गोष्ट बिघडवते, ती म्हणजे लाळ. बाँडिंगच्या वेळी लाळ लागली की पकड गेली. त्यामुळे डॉक्टर रबर डॅम लावू म्हणाले, म्हणजे दातांभोवती रबराचा पडदा, तर नको म्हणू नका.

प्रश्न (एक वडील, नाशिक): मुलीच्या दाताला कंपोझिट लावलंय, ते वर्षभरात तिसऱ्यांदा निघालं. डॉक्टर बदलला, तरी तेच. मटेरियल डुप्लिकेट असतं का?

उत्तर: असू शकतं म्हणा, पण माझा पहिला संशय मटेरियलवर नाही. तिला दात मिटून खालचा जबडा पुढे सरकवायला सांगा, कडेला कड लावून. तेवढ्यात लावलेला भाग खालच्या दातावर आधी टेकतोय का? टेकत असेल तर ते रोज थोडं थोडं उखडतंय, तिथे किंचित घासून जागा करावी लागते. दुसरं म्हणजे सवयी. नखं कुरतडणं, पेनाचं टोपण चावणं, दोऱ्याचं टोक दाताने तोडणं, बिस्लेरीचं झाकण दाताने उघडणं. हे मुलं आपल्यासमोर करत नाहीत, तिच्या मैत्रिणीला विचारा. आणि खाणं: पेरू, ऊस, मक्याचं कणीस, चिक्की, कैरी थेट पुढच्या दाताने तोडायची नाही, पेरूच्या फोडी करून द्या, कणसाचे दाणे सोलून द्या, ऊस तर रस काढूनच. खायला बंदी नाही, फक्त दाढेने.

वरचे दात खूप पुढे असतील तर मात्र ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना, दाखवा. पुढे आलेले दात पडल्यावर आधी जमिनीला लागतात, ओठ झाकत नाहीत त्यांना, अशा मुलांचा तोच दात पुन्हा पुन्हा तुटतो.

आणि प्रत्येक वेळी सगळं खरवडून नवीन करायची गरज नसते हेही सांगते. कोपरा उडाला तर कोपराच जोडता येतो, जुनं कंपोझिट खरखरीत करून त्यावर नवीन धरतं. कंपोझिट हे काही वर्षांनी डागडुजी मागणारच, ती त्याची खोड आहे आणि तोच त्याचा फायदा.

प्रश्न (एक आई, मस्कत): आम्ही इथे आलो आणि मुलाच्या दाताचा लावलेला भाग सहा महिन्यांत पिवळट झाला. व्हायटनिंग टूथपेस्ट चालेल का? आणि नेटवर वाचलं की यात प्लॅस्टिक असतं, बीपीए (प्लॅस्टिकमधलं एक रसायन) असतं, खरं का?

उत्तर: व्हायटनिंग नको. ब्लीचने खरा दात पांढरा होतो, कंपोझिटचा रंग बदलत नाही, मग फरक अजून ठळक दिसेल, आणि खरखरीत पेस्टने पॉलिश जाऊन डाग जास्तच धरतील. डॉक्टरकडून पुन्हा पॉलिश करून घ्या, वरवरचा पिवळेपणा बहुधा तेवढ्याने जातो. आपल्याकडे हळद आहे, चहा आहे, मुलांचा कोला आहे, डाग येणारच. लावल्यानंतर पहिले दोन दिवस हळदीची भाजी, चहा, बीट टाळलेलं बरं.

प्लॅस्टिकबद्दल, हो, रेझिन आहे ते, त्यात काचेची आणि सिलिकाची बारीक पूड मिसळलेली असते. काही रेझिनमधून बीपीएचा अगदी सूक्ष्म अंश निघतो, तो मुख्यतः लावल्या लावल्या, वरच्या न सुकलेल्या थरातून. तो थर पॉलिश करताना जातो, उरलेलं चूळ भरून थुंकायचं. यासाठी पोराला अर्ध्या दाताने फिरवू नका. उघडं डेंटिन तसंच ठेवलं तर जंतू नसेपर्यंत जातात, तो धोका खरा आहे.

प्रश्न (लातूर): मुलगी साडेतीन वर्षांची. वरचे चारही पुढचे दात किडून झिजून अर्धे राहिलेत. दुधाचे आहेत म्हणून सोडून देऊ का? रात्री बाटली लागते तिला.

उत्तर: बाटली आजपासून बंद करायला घ्या, एकदम जमत नसेल तर आधी साखर बंद, मग दुधात रोज थोडं पाणी वाढवत न्या, शेवटी नुसतं पाणी. रात्रभर गोड दूध दातांवर साचून हे होतं, आणि वरचे पुढचेच जातात, कारण खालच्या दातांवर जीभ असते.

सोडून देऊ नका, हे दात सहा-सात वर्षांपर्यंत लागतात, म्हणजे अजून तीन वर्षं. यासाठी स्ट्रिप क्राउन नावाची सोय आहे: दाताच्या आकाराचं पारदर्शक पातळ टोपण, त्यात कंपोझिट भरून स्वच्छ केलेल्या दातावर बसवतात, लाइट मारतात आणि वरचं टोपण सोलून टाकतात, आत तयार दात. दिसायला फार सुंदर. पण चिकटायला खाली पुरेसा दात हवा, फारच कमी उरला असेल तर लहान मुलांची तयार झिर्कोनियाची टोपणं मिळतात (दुधाच्या दाताला चालतात, वर मी नाही म्हटलं ते पक्क्या दाताबद्दल). कीड नसेपर्यंत गेली असेल तर आधी तिचा इलाज. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, आणि ब्रश तुम्ही करायचा, तिने नाही.

आणखी दोघींनी विचारलंय की पडल्यानंतर दुधाचा दात करडा पडला, काढावा का. नुसता रंग बदललाय, दुखत नाही, हिरडीवर फोड नाही, तर बहुतेक वेळा काही करत नाहीत, फक्त लक्ष ठेवतात.

प्रश्न (एक आई, अकोला): मुलगा 12 वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी कंपोझिट लावलं होतं, दात झकास दिसतो, कधी दुखला नाही. आता त्याच्या वर हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, परत येते. तोंडाला वास येतो म्हणून गुळण्या करतोय.

उत्तर: गुळण्या करून हे जाणार नाही. ती पुटकुळी म्हणजे मुळाच्या टोकाशी साचलेल्या पूला मिळालेली वाट, आतली नस मेलीय. वाट मिळाली म्हणूनच दुखत नाही. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून बसवलं तरी परत येईल.

एक्स-रे काढा. नस नवव्या-दहाव्या वर्षीच मेली असेल तर मुळाचं टोक उघडं राहिलेलं दिसेल आणि तिथे नेहमीचं रूट कॅनाल चालत नाही, भरलेलं मटेरियल खाली निसटतं. पूर्वी कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून महिनोन् महिने वाट बघायचे, त्याने दात ठिसूळ व्हायचा. आता टोकाशी 3-4 मिलिमीटर एमटीएचं बूच बसवतात आणि मग वर भरतात. काही ठिकाणी मुळाच्या टोकातून थोडं रक्त येऊ देऊन आत नवीन पेशी वाढवायचा प्रयत्नही करतात, त्यासाठी एंडोडॉन्टिस्ट (रूट कॅनालचे डॉक्टर) किंवा लहान मुलांचे डेंटिस्ट गाठा. इलाज झाला की पुटकुळी आपोआप बुजते. दात मात्र पुढे करडा पडू शकतो, काही औषधांनीही पडतो, त्यावर आतून ब्लीच, वरून कंपोझिट असं करता येतं.

प्रश्न (पनवेल): प्रायव्हेटमध्ये परवडत नाही. सरकारीत हे होतं का?

उत्तर: होतं, आणि चांगलं होतं. मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज, मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी डेंटल कॉलेजं, गोव्यात बांबोळीचं डेंटल कॉलेज. केसपेपर काढताना पेडोडॉन्टिक्स, म्हणजे लहान मुलांच्या दातांचा, विभाग म्हणा. विद्यार्थी करतात पण सर-मॅडम तपासतात, वेळ जास्त जातो, डबा घेऊन जा.

प्रश्न (पीटीचे शिक्षक, सातारा जिल्हा): कबड्डीत पोरांचे दात जातात. अख्खा दात मुळासकट बाहेर आला तर शाळेत काय करायचं? फर्स्ट एडच्या पेटीत काय ठेवू?

उत्तर: सर, हा प्रश्न सगळ्या शाळांनी विचारायला हवा होता. आधी बघा दात दुधाचा की पक्का. दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. पक्का असेल तर घड्याळ सुरू झालं असं समजा. दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, माती असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये बुडवून हलवा, तेही नसेल तर नळाखाली काही सेकंद धरा, घासायचं नाही, रुमालाने पुसायचं नाही. पोरगं शुद्धीत असेल तर तिथेच खाचेत परत बसवा, बाजूच्या दाताशी जुळवून, आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला लावा. हात थरथरत असतील, बसवता येत नसेल, तर गार दुधात टाका, कोपऱ्यावरच्या टपरीवरची दुधाची पिशवीसुद्धा चालते. पाण्यात ठेवू नका, कोरडा ठेवू नका. अर्ध्या तासात डेंटिस्टकडे पोचलात तर उत्तम, तासाच्या आत तरी पोचाच.

नुसता तुकडा तुटला असेल तर तो शोधायला दोन पोरं मैदानात पाठवा. सापडला नाही आणि ओठ फाटलाय, सुजलाय, तर डॉक्टरांना ओठाचाही एक्स-रे काढायला सांगा, तुकडा ओठात रुतून बसलेला असतो आणि वरून टाके पडतात. मैदानावरची जखम, म्हणून धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. चक्कर, उलटी, बेशुद्धी असं काही झालं तर दात नंतर, आधी हॉस्पिटल.

पेटीत: सलाइनच्या छोट्या बाटल्या, झाकणाची स्वच्छ डबी, गॉज, ग्लोव्ह्ज आणि जवळच्या डेंटिस्टचा नंबर झाकणाच्या आत चिकटवलेला. टीममधल्या पोरांना माउथगार्ड घ्यायला लावा, गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून बसवायचे स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतात. ब्रेसेस असलेल्यांना आणि पुढच्या दाताला आधीच कंपोझिट लावलेल्यांना मात्र डेंटिस्टकडून मापाचाच करून घ्या.